समुद्र दहा मिनिटांवर, तरी काही वाटत नाही

पत्र: मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. वय ४६. पतसंस्थेत नोकरी, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. ह्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. मुलगा गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेला. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, पण महिनोन्महिने तिकडे फिरकत नाही, आणि गेले तरी काही वाटत नाही. पूर्वी पुस्तकांचा फडशा पाडायचे. आता दोन पानं झाली की हात मोबाइलकडे जातो. लहानपणापासून मनात होतं की आपल्या गावातल्या झाडांची एक चित्रवही करावी. चित्रकला शिकलेली नाही. ह्या वयात हे खूळ ठेवावं की सोडून द्यावं? लांबून आलेले पर्यटक आमच्या किनाऱ्यावर हरखून जातात, तेव्हा मला अपराधी वाटतं.
(नाव छापू नये)

उत्तर:

ताई, अपराधी वाटून घेऊ नका. पर्यटकाला जे वाटतं ते पहिल्यांदा बघण्याचं असतं आणि ते दोन दिवस टिकतं. जन्मभर ज्याच्या शेजारी राहिलो त्याचं नवल नुसतं समोर जाऊन उभं राहिल्यानं वाटत नाही. त्याला एक प्रश्न विचारावा लागतो. छोटा, चार-आठ दिवसांत ज्याचं उत्तर मिळेल असा. आणि प्रश्न विचारायला तीच जागा पुन्हा पुन्हा बघता यावी लागते, जे पर्यटकाला कधीच जमणार नाही.

त्याआधी एक बाब. समुद्राचं आणि पुस्तकाचं काही वाटत नाही एवढंच असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण जेवण, माणसं, आवडती भाजी, मुलाचा फोन, कशातच राम वाटत नसेल, झोप मोडत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. तुमच्या वयात पाळी जायच्या आसपासचे बदल, थायरॉइड किंवा कमी झालेलं हिमोग्लोबिन यांनीही मन असं बधिर होतं आणि रक्ताच्या साध्या तपासणीत पुष्कळ कळतं. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे.

आता समुद्र. गेलात तरी काही वाटत नाही, याचं एक कारण वेळेत दडलेलं असू शकतं. तुम्हाला मोकळीक सकाळी सहा-सातला किंवा संध्याकाळी सहाला. अष्टमीच्या आसपास नेमक्या ह्याच वेळेला पूर्ण भरती असते. पुळण (वाळूचा किनारा) बरीचशी पाण्याखाली, खडपं (किनाऱ्यावरचे खडक) झाकलेली, बघायला पाण्याशिवाय काही नाही. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला घरातल्या कुणाकडून ऐकून माहीत असेल: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि भरतीपासून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवणला ती मुंबईच्या आधी येते आणि दापोली दोन्हींच्या मधे पडते. पण जायचं कधी हे ठरवायला हा हिशेब पुरतो.

त्यावरून तुमच्या वेळापत्रकाला सोयीचे दिवस काढा. प्रतिपदेला भरती पाऊणला, म्हणजे ओहोटी सकाळी सातला. द्वितीयेला ओहोटी पावणेआठला. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावरच्या ह्या दोन सकाळी, महिन्यातून दोनदा, नोकरी सांभाळून तुम्हाला मिळतात. शिवाय उधाणाचा, म्हणजे सगळ्यांत मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर नेमक्या पौर्णिमेला नसतो, एक-दोन दिवसांनी असतो, त्यामुळे पाणी सगळ्यांत लांब जातं ते बहुधा ह्याच दिवसांत. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, मालवणकडे तो साधारण निम्मा. तुम्ही मधे आहात. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, म्हणून एकदा भरतीचा छापील तक्ता किंवा मोबाइलवरचा तक्ता उघडून मीटरचे आकडे बघा. सकाळचा आकडा छोटा असेल तो दिवस सोडू नका.

पहिल्या दिवशी खडपावर जाऊ नका, पुळणीवरच थांबा. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि ओली, घट्ट, सपाट वाळू शोधा. तिथे मोहरीपासून वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या दिसतील, एका बारीक भोकाभोवती नक्षीसारख्या पसरलेल्या. तुम्ही त्या हजारदा तुडवल्या असतील. भोकापासून दोन-तीन मीटरवर बसा, सूर्य पाठीशी घेऊ नका (तुमची सावली त्यांच्यावर पडते) आणि पाय हलवू नका. चार-पाच मिनिटांत नखाएवढा खेकडा वर येतो. तो वाळूची चिमट तोंडात भरतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि कुजकट अन्न गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. भोकापासून सरळ रेषेत बाहेर जात खातो, परत येतो, मग शेजारची रेघ धरतो. भोकाकडे धावत येण्याची वाट मात्र मोकळी ठेवतो. भरती आली की तो आत जाऊन दार बंद करतो आणि सगळी नक्षी पुसली जाते. पुढच्या ओहोटीला पुन्हा कोरी वाळू.

इथे तुमचा पहिला प्रश्न घ्या: पाणी सरकल्यावर अर्ध्या तासात ही नक्षी केवढी होते आणि एका तासात केवढी? चपलेच्या मापानं मोजलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या जवळच्या आणि लांबच्या नक्ष्यांची तुलना करा. वाळू जितक्या आधी उघडी पडली तितका खेकड्याला कामाला वेळ जास्त, मग वरच्या अंगाला नक्षी मोठी असायला हवी. तशी आहे का? नसेल तर का नसेल? हे शोधताना पाऊण तास जातो आणि मोबाइल आठवत नाही.

खडपाकडे वळाल तेव्हा थोडी शिस्त लागते. पाणी उतरत असताना जा आणि ओहोटीचा क्षण आला की मागे फिरा, कारण भरती आधी मागच्या खोलगट भागात शिरते आणि परतीची वाट तोडते. पायात पट्ट्याची, चांगल्या पकडीची चप्पल किंवा बूट हवा. कालवांच्या कडा पाय कापतात आणि हिरवं शेवाळ घसरवतं. दगड उलटा केलात तर तसाच हळू परत ठेवा, त्याच्या पोटाखालचे जीव उन्हात मरतात. शंकूच्या आकाराचा देखणा जिवंत शंख हातात घेऊ नका, त्याला विषारी नांगी असते. जून ते सप्टेंबर खडपावर जायचंच नाही, ओहोटी कितीही खोल असली तरी.

त्या चार महिन्यांत बघायचं काय? तुमच्या वाडीतला माड. समुद्रापेक्षाही मला तुमच्यासाठी माड जास्त मोलाचा वाटतो, कारण तो रोज दारात आहे आणि घरात त्याच्याकडे उत्पन्न म्हणूनच बघितलं जातं.

आपल्याकडच्या उंच जातीच्या माडाला वर्षाला साधारण बारा झाप (झावळ्या) येतात, म्हणजे महिन्याला एक. प्रत्येक झापाच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे फुलोरा, येते. पोय फुटल्यापासून नारळ पक्का व्हायला अकरा-बारा महिने लागतात. आता हिशेब करा: चांगल्या माडाच्या डोक्यावर एकाच वेळी वर्षाच्या प्रत्येक महिन्याची एकेक पेंड (नारळांचा घड) असते. सगळ्यांत वर नुकतीच फुटलेली पोय, तिच्याखाली सुपारीएवढी बोंडं, मग लिंबाएवढी, मधे सहा-सात महिन्यांची शहाळी आणि सगळ्यांत खाली उतरवायला आलेले नारळ. एखादा टप्पा विरळ दिसला तर त्या महिन्यात काहीतरी बिनसलेलं असतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीच बोंडं गळतात, ते नेहमीचं आहे, त्याला रोग समजू नका. पण सहाव्या-सातव्या महिन्याची पेंडच रिकामी असेल तर मागे जाऊन विचार करा: तेव्हा ऊन होतं, पाणी तुटलं होतं की वारा होता?

आणखी मागे जायचं तर पोय झाडाच्या पोटात तयार व्हायला लागते ती बाहेर येण्याच्या सुमारे अडीच वर्षं आधी. म्हणून एका कडक उन्हाळ्याचा फटका माड कधी कधी दोन-तीन वर्षांनी दाखवतो आणि आपण त्या वर्षीच्या खताला दोष देत बसतो. खोडावरचे आडवे वण म्हणजे गळून गेलेल्या झापांच्या जागा. साधारण बारा वण म्हणजे एक वर्ष. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळातून वाचलेला माड तुमच्याकडे असेल तर त्याच्या खोडावर तो काळ कुठे येतो ते शोधून बघा. वण मुकुटाखालून मोजायला घ्या आणि त्यात सुमारे अडीच-तीन वर्षं मिळवा, कारण हिरवा झाप गळेपर्यंत तेवढा काळ झाडावरच असतो. वणांमधलं अंतर तिथे कमी झालंय का, खोड आवळलंय का? सगळ्या माडांवर दिसेल असं नाही, पण शोधण्याजोगं आहे.

नारळ पाडायला पाडेली येतो त्या दिवशी त्याला उमललेली एक पोय खाली आणायला सांगा. यजमानांची परवानगी घ्या, कारण ती पुढच्या वर्षीची एक पेंड आहे. पोय ताटात पसरा. दांड्यांच्या बुडाशी बटणासारखी मोठी गोल असतात ती मादी फुलं, वर शेकड्यांनी बारीक असतात ती नर. उंच जातीत नर फुलं आधी उमलून गळतात, मादी फुलं नंतर तयार होतात, म्हणून त्याच पोयीतला पराग तिला सहसा उपयोगी पडत नाही. दुसऱ्या माडाचा लागतो. तुमच्या वाडीच्या नारळात शेजाऱ्याच्या वाडीचा वाटा असतो तो असा.

बाकीचं थोडक्यात सांगतो आणि पुढे जाऊ. मे अखेर ते जूनचा मध्य, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठच्या झाडांवर काजवे असतात. साडेसातनंतर जा, बॅटरी आणि मोबाइल बंद ठेवा, डोळे सरावायला वीस मिनिटं द्या. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, जा. जांभ्यावर मातीचा थर बोट-दोन बोटं आणि त्यात नत्र जवळपास नाही, म्हणून तिथली सीतेची आसवं जमिनीतल्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात, आणि दवबिंदूचं रोपटं चिकट केसांवर किडे धरतं. निळ्या फुलांच्या गालिच्यावरून चालत जाऊन फोटो काढणारे हेच तुडवतात, तेव्हा कडेच्या दगडावर बसा. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या आणि ते वाचायच्या भिंगासारखं लांब धरू नका. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि फूल त्याच्यासमोर अडीच सेंटीमीटरवर आणायचं. लांब धरल्यामुळे अंधुक दिसतं आणि लोक भिंग वाईट आहे म्हणून ठेवून देतात.

पुस्तकांचं दुखणं वेगळं आहे आणि त्याचं पहिलं कारण फार साधं असू शकतं: चष्मा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं मंदावतं. तुमच्या वयाला बहुधा +१ ते +२ चा नंबर लागतो. दिवसभर खात्यांचे आकडे वाचल्यावर रात्री पान धूसर होतं, डोकं जड होतं, आणि आपण समजतो की वाचनाची आवड गेली. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं, म्हणून तो सोपा वाटतो. आधी डोळे तपासा. मग दिवा खांद्याच्या मागून, पानावर पडेल असा लावा. वरच्या ट्यूबलाइटखाली स्वतःच्या डोक्याची सावली पानावर येते.

मोबाइल उलटा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. वीस मिनिटं, रोज एकाच वेळी. सुरुवात नव्या, गाजलेल्या, वाचायलाच हव्यात अशा पुस्तकानं करू नका. शाळेत असताना तीन-चारदा वाचलेलं एखादं पुस्तक काढा. गोष्ट माहीत असल्यामुळे पुढे काय याची घाई नसते आणि वाक्यं दिसायला लागतात. जिथे लक्ष सुटेल तिथून एक पान मोठ्यानं वाचा. जीभ चालू असताना मन फार लांब जात नाही.

आणि वाचताना पेन्सिलीनं एक खूण करत जा: जिथे जिथे झाड, पक्षी, पाऊस, वारा येतो तिथे समासात बारीक टिंब. मग ते ते त्या त्या ऋतूत बाहेर जाऊन ताडून बघा. पुस्तकातला पावशा कुठल्या महिन्यात ओरडतो आणि तुमच्या बेड्याजवळचा (फाटकाजवळचा) कधी सुरू होतो? लेखकानं सुरंगीचा वास संध्याकाळी आणलाय की पहाटे? लेखक बरोबर निघाला तर त्याच्याबद्दल आदर वाढतो, चुकला तर आणखी मजा. पुस्तक आणि अंगण यांची अशी गाठ पडली की दोन्हीकडे ओढ लागते, हे खात्रीनं सांगता येतं.

नवी पुस्तकं विकत घेत बसू नका, वाचनालयाचं सभासद व्हा. आपल्या जिल्ह्यात ही परंपरा फार जुनी आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. परतीची तारीख असली की वाचन होतं. घरातली पुस्तकं मात्र पावसाआधी सांभाळा: कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, पुस्तकं खच्चून भरू नका, कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवा. दमट पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलंत तर आतल्या आत बुरशी धरते. ऑक्टोबरात कोरडं वारं सुटलं की सावलीत उघडून ठेवा. थेट उन्हात पानं पिवळी पडतात आणि पाठीचा गोंद सुटतो.

आता चित्रवही. ती ठेवा, सोडू नका. आणि ती खूळ आहे हा शब्द परत लिहू नका. गावातल्या झाडांची नोंद त्या गावात राहणाऱ्या माणसानंच करायची गोष्ट आहे, कारण एकच झाड मोहोर, फळ, पानगळ अशा सगळ्या अवस्थांत बघायला तिथे वर्षभर असावं लागतं.

अशी कामं बहुतेकांची अडतात ती आकारामुळे. ‘गावातली झाडं’ म्हटलं की दीडशे जाती समोर येतात आणि पहिलं पानही होत नाही. पहिल्या वर्षी फक्त घर ते समुद्र ह्या दहा मिनिटांच्या वाटेवरची झाडं घ्या, त्यातलीही सहा-सातच. उंडी, भेंड, रतांबा (कोकम), सुरंगी, केवडा, असं जे वाटेवर असेल ते. रतांबा असेल तर त्याला दोन पानं राखून ठेवा: नर आणि मादी झाड वेगळं असतं, बियांपासून वाढलेल्या झाडांत साधारण निम्मी नर निघतात आणि पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कुठलं कोण ते कळत नाही. म्हणूनच लागवडीला कलमं घेतात.

चित्रकला येत नाही ही अडचण मोठी नाही, कारण इथे सुंदर चित्र नको, खरं चित्र हवं. साधारण ए-फाइव्ह आकाराची, १५० जीएसएमच्या पुढच्या, म्हणजे जाड, कागदाची वही आणि एचबी व टूबी अशा दोन पेन्सिली घ्या. पान तोडून वहीवर ठेवा, टोक आणि देठ ह्या दोन जागी टिंबं द्या, सगळ्यांत रुंद जागी दोन टिंबं द्या. पान उचला. चार टिंबं जोडली की खऱ्या मापाचा आकार मिळतो. मग मधली शीर, मग बाजूच्या शिरा मोजून तेवढ्याच. शिरा अंदाजानं काढल्या की सगळी पानं आंब्याची दिसायला लागतात. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे. शेजारी फांदीचा छोटा तुकडा काढा आणि पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, एवढं नक्की दाखवा. फुलाच्या पाकळ्या मोजून लिहा. खाली तारीख, तिथी, जागा आणि वासाबद्दल एक ओळ. एका बैठकीला पंधरा मिनिटं पुरेत. पान पूर्ण झालं पाहिजे असं नाही, मोहोर आला की त्याच पानावर परत यायचं असतं, म्हणून निम्मी जागा कोरी सोडा.

जून ते सप्टेंबर नुसती पेन्सिल वापरा. आपल्या हवेत जलरंग वाळत नाहीत, पानं एकमेकांना चिकटतात आणि शाईच्या पेनाची नोंद ओघळते. रंग ऑक्टोबरनंतर. झाडाचं नाव अडलं तर पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ आणि साल असे वेगवेगळे फोटो काढा. नुसत्या झाडाच्या लांबच्या फोटोवरून जाणकारही नाव सांगू शकत नाही. दापोलीला कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, तिथे हे फोटो घेऊन गेलात तर तुमचा प्रश्न कुणाला वावगा वाटणार नाही. शास्त्रीय नाव नंतर येऊ दे, तोवर गावातल्या म्हाताऱ्या बायका जे नाव आणि जो उपयोग सांगतील तो त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. उंडीच्या कडू तेलाचे दिवे आणि होड्यांना लावायचं तेल आठवणारी माणसं आता थोडी उरली आहेत, हे काम चित्रापेक्षा निकडीचं आहे.

सुरुवात नेमकी कधी करायची, तर येत्या रविवारी, सगळ्यांत जवळच्या आणि सगळ्यांत सोप्या झाडापासून. भेंड बरं, पान बदामाकृती, शिरा ठळक आणि पिवळं फूल दिवस कलताना लालसर होतं, म्हणजे एकाच दिवसात दोनदा काढता येतं. केवडा शेवटी ठेवा, त्याची काटेरी पानं काढणं सरावल्या हातालाही जड जातं. आणि मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, भरलेल्या पानांचे सपाट उजेडात फोटो काढून मुलाकडे पाठवून ठेवा. वही भिजली तर पुण्यात प्रत राहील.